अकरा मिनिटं लेट सूर्य

काशीत यापुढे सूर्य उशिरा उगवणार, ही बातमी शहरभर पसरवणारा माणूस मीच. हे आधीच सांगून टाकतो. पुढेमागे कुणीतरी सांगणारच, आणि माझी फजिती माझ्याइतकी नीट दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

आम्ही पंचगंगा घाटाच्या वर, मंगला गौरीच्या गल्लीत राहतो. आमचे कोणी पूर्वज कोकणातून काशीला शिकायला आले, आणि शिकणं संपल्यावर परत जायचं राहून गेलं. पुढे घरात पंचांग होऊ लागलं. पणजोबा करायचे, आजोबा करायचे, वडिलांनीही, म्हणजे आबांनी, काही वर्षं केलं. कुठल्या दिवशी सूर्य किती वाजता आणि क्षितिजावर नेमका कुठे उगवतो, हे त्यांना तोंडपाठ. अशा घरात मी जन्मलो आणि रेल्वेच्या पार्सल ऑफिसात चिकटलो. सूर्योदय नावाची गोष्ट रोज होते असं मी ऐकून होतो. प्रत्यक्ष पाहण्याचा योग मुंजीच्या दिवशी आला, नंतर दोनचारदा ग्रहणाच्या निमित्ताने. तरी मोहल्ल्यात मला अजून ‘पंडितजी’ म्हणतात. हा मान फुकट मिळालेला आहे, आणि फुकट मिळालेली वस्तू मी आजवर कधी परत केलेली नाही.

माझ्या खालच्या मजल्यावर वहिनी राहतात. मोठा भाऊ जाऊन सहा वर्षं झाली, त्यांची लेक पुण्याला असते, मी बिनलग्नाचा. तेव्हा राहायला मी वर आणि जेवायला खाली. वहिनींनी मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज अजून फळ्यासमोरचा असतो. त्यांचा एक नेम आहे. सूर्य दिसल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून. पूर्वी घाटावर उतरून अर्घ्य द्यायच्या. गुडघे गेले तेव्हापासून नदीकडच्या खिडकीत बसतात.

नेमाचं मला कधी काही वाटलं नव्हतं. पण वहिनींना साखर निघाली. सकाळची गोळी वेळेवर आणि काहीतरी खाऊनच घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं. वहिनींनी मान डोलावली आणि होत्या तिथेच राहिल्या. आता पौषात इथे धुकं असं पडतं की घाटावर उभ्या माणसाला गंगा फक्त ऐकू येते. सूर्य दहाला दिसतो, कधी अकराला. मागच्या पौषात एकदा साडेअकरा झाले, आणि वहिनी खिडकीतच कलंडल्या. मी साखरेचं पाणी घेऊन धावलो, तर दातखीळ बसलेल्या अवस्थेतही त्यांनी तोंड फिरवलं. त्या दिवसापासून सूर्याचं एकेक मिनिट मला मोजल्यासारखं वाटायला लागलं.

आणि नेमकी यंदाच्या हिवाळ्यात ती इमारत आली.

आली म्हणजे कागदावर आली. राजघाटच्या पुलापलीकडे, गंगेच्या त्या काठावर चोवीस मजली घरांची एक इमारत होणार, कुणाला आपत्ति, म्हणजे हरकत, असेल त्यांनी लिहून द्यावी, अशी नोटीस वर्तमानपत्रात छापून आली. त्यात एक चित्रही होतं. निळीशार गंगा, आमच्या गंगेनेही तिला ओळखलं नसतं अशी, आणि तिच्यावर वाकून बघणारा काचेचा उंच खांब.

आमच्या गल्लीच्या तोंडावरचं चहाचं दुकान त्या दिवशी दुपारपर्यंत बंदच होईना. असा आनंदी गोंधळ मी क्रिकेटचे सामने सोडून कधी पाहिला नव्हता. कुणी म्हणालं चोवीस नाही, चाळीस मजले. कुणी म्हणालं गच्चीवर हेलिकॉप्टर उतरणार. रेशमाचा व्यापारी म्हणाला, मी घेणार एक फ्लॅट, तिथून आपला घाट कसा दिसतो बघायचंय. घाटावरचे एक गुरुजी तापले. ‘‘ऊपर बैठकर लोग दूरबीन से नहान देखेंगे, ई ठीक है?’’ यावर दोघांनी दुर्बीण कितीला पडेल याची चौकशी सुरू केली. आमच्या घराखाली नाव बांधणारा मल्लाह, तीस वर्षांपासूनचा शेजारी, इमारतीच्या बाजूचा होता. ‘‘चौबीस मंजिल से आदमी उतरेगा, तो चढ़ेगा किस पर? हमरी नाव पर.’’

तेवढ्यात गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘पंडितजी, आप तो पंचांग वाले घर के हैं. ई बताइए, सूरज के आड़े तो नहीं आएगी?’’

चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघतायत, असा प्रसंग पार्सल ऑफिसात एकदाच आला होता, लिंबांच्या पेट्या कानपूरऐवजी खड्गपूरला गेल्या तेव्हा. हा त्याहून सुखाचा होता. मी चहाचा कुल्हड खाली ठेवला आणि म्हणालो, ‘‘हिसाब लगाना पड़ेगा.’’

झालं. मी हिशेबाला बसलो.

हिशेब सोपा होता, हे मी आजही म्हणेन. जागेवर कंपनीने माती तपासायला एक उंच पिवळं यंत्र उभं केलं होतं. सूर्य थोडाफार दिसला की आमच्या खिडकीतून तेही दिसायचं. तिकडे फोनमधलं होकायंत्र धरायचं, दिशा टिपायची, आणि आजोबांच्या जुन्या वहीत बघायचं की सूर्य त्या दिशेला कुठल्या महिन्यात उगवतो. माझा हात कापतो, म्हणून मी फोन वहिनींच्या खिडकीच्या जाळीला नीट टेकवून धरला. तीन दिवस, तीनदा. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, तेव्हा माझा ऊर भरून आला. इमारत बरोब्बर अशा जागी येत होती की चैत्र-वैशाखात, आणि पुन्हा श्रावण-भाद्रपदात, आमच्या घाटाचा सूर्य तिच्या मागे उगवणार. मजल्यांची उंची आणि अंतर धरून मी वेळही काढली. अकरा मिनिटं.

वहिनी मागे पाट घेऊन भाजी निवडत होत्या.

‘‘भाऊजी, काय मोजताय?’’

‘‘किचकट आहे, वहिनी. तुम्हाला नाही कळायचं.’’

चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला मी हे वाक्य बोललो. त्यांनी एक शेंग मोडली आणि म्हणाल्या, ‘‘बरं.’’

अकरा मिनिटं चहाच्या दुकानात पोचली आणि तिथून जणू पाय फुटून निघाली. रेल्वेतले माझे जुने सोबती म्हणाले, अकरा मिनिटांना आपण लेट म्हणतच नाही. पण बाकी काशी पेटली. एका स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर आला. मी त्याला घाटावर उभा राहून, हात लांब करून, क्षितिज दाखवलं. फोटो चांगला निघाला. त्याने विचारलं, इससे किसी का नुकसान? इथे माझ्यातला कथेकरी जागा झाला आणि मी वहिनींच्या नेमाचं सांगून बसलो. गोळीचं सांगितलं, कलंडल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी छापून आलं: पंचगंगा पर ग्यारह मिनट देर से उगेगा सूरज, वृद्धा के प्राण संकट में.

वहिनींनी बातमी दोनदा वाचली. ‘‘वृद्धा कोण?’’ एवढंच विचारलं.

आठवड्याभरात आमच्या बाजूने इतक्या सह्या झाल्या की कागद चिकटवायची खळ संपली. नाववाला मल्लाहसुद्धा फिरला. ‘‘नाव का का है, नाव तो चलती रहेगी. काकीजी का सूरज कोई नहीं रोकेगा.’’ मी गल्लीतून निघालो की लोक उठून उभे राहायचे. एका पानवाल्याने मला पान दिलं आणि घड्याळ दाखवून विचारलं, आज सूर्य वेळेवर होता ना? मी म्हणालो, आज वेळेवर होता. मी त्या वेळी झोपलो होतो.

जनसुनवाईचा, म्हणजे लोकांच्या हरकती ऐकण्याचा, दिवस ठरला. सकाळी साडेदहाला, जवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. माझ्या डोक्यात आलं की हिशेब मांडायचा आणि पाठोपाठ वहिनींना उभं करायचं. अधिकाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. वहिनींना एवढंच म्हणालो की तुम्ही फक्त तुमचा नेम सांगा. त्या पटकन हो म्हणाल्या. मला वाटलं माझ्या शब्दाला मान दिला. पुढे कळलं, चौदा महिन्यांत त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या आणि कुणी कैलासावर चला म्हटलं असतं तरी निघाल्या असत्या.

त्या दिवशी दाट धुकं होतं. दहा वाजले तरी सूर्याचा पत्ता नाही. वहिनी निघाल्या त्या रिकाम्या पोटी. मी म्हटलं, गोळी? त्या म्हणाल्या, ‘‘पर्समध्ये आहे.’’ चार मल्लाहांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून गल्लीतून उचलून नेलं. पुढे शिंगं वळवून बसलेला सांड, त्याच्या बाजूने खुर्ची तिरकी करून काढली. दारादारांतून बायका हात जोडत होत्या. देवी निघाल्यासारखं दृश्य होतं आणि पुजारी म्हणून मी पुढे चालत होतो.

हॉलमध्ये मुंगीला जागा नव्हती. अधिकारी तरुण होता, सर्दीने बेजार. कंपनीकडून एक मुलगी आली होती, इंजिनियर, हातात नकाशांच्या गुंडाळ्या. माझं नाव पुकारलं आणि टाळ्या पडल्या. मी बोललो ते चांगलं बोललो. आजोबांची वही उंच धरली. अकरा मिनिटं म्हणताना थोडा थांबलो. पुन्हा टाळ्या.

ती मुलगी उठून नम्रपणे म्हणाली, ‘‘सर, हमारे नक्शे के हिसाब से सूरज वहाँ कभी आता ही नहीं.’’

हॉलने तिला बसवलं. ‘‘नक्शा बाद में, पंचांग पहले,’’ मागून कुणीतरी ओरडलं. मी हात वर करून लोकांना शांत केलं, किती मोठं मन होतं माझं त्या क्षणी, आणि अधिकाऱ्याला म्हणालो, ‘‘साहेब, नक्शा छोड़िए, पंचांग छोड़िए. जो रोज देखती हैं, उन्हीं से पूछिए.’’

खुर्ची पुढे आणली. अधिकाऱ्याने विचारलं, ‘‘माताजी, आप रोज सूर्योदय देखती हैं?’’

‘‘रोज.’’

‘‘तो यह इमारत बीच में आएगी?’’

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

‘‘नाही,’’ त्या मराठीतच म्हणाल्या. मग हिंदीत सावकाश समजावलं, वर्गात समजावतात तसं. सूर्य पौषात वाळूच्या उजव्या अंगाला उगवतो. मग रोज थोडाथोडा डावीकडे सरकतो. ज्येष्ठात पुलाच्या खांबांपाशी येतो, त्या काठाकडून तिसऱ्या खांबाशी, आणि तिथून माघारी फिरतो. ‘‘चालीस साल में पुल के पार गया हुआ मैंने नहीं देखा. और यह मकान तो पुल के पार है.’’

हॉलमध्ये आधी एक हसला, मग दहा, मग सगळे. माझ्या आजोबांची वही एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं. ती मला खालीही ठेवता येईना. नाववाला मल्लाह माझ्या कानाशी वाकला आणि म्हणाला, ‘‘गुरु, सूरज तो बच गया. आप डूब गए.’’

अधिकाऱ्यालासुद्धा हसू आवरेना. शिंकला, नाक पुसलं, आणि म्हणाला, ‘‘तो माताजी, आपको कोई आपत्ति नहीं?’’

‘‘एक विचारायचं आहे,’’ वहिनी म्हणाल्या आणि त्या इंजिनियर मुलीकडे वळल्या. ‘‘बेटी, सुबह का तो ठीक है. शाम की छाया कहाँ तक जाएगी?’’

मुलीने नकाशा उलगडला. दुसरा उलगडला. नदी इमारतीच्या पश्चिमेला. म्हणजे संध्याकाळी इमारतीची सावली पाठीमागे पडणार, आणि पाठीमागे वस्ती आहे, परवलाचे मळे आहेत. हे आम्ही घाटावरच्या शहाण्यांनी मनात आणलंच नव्हतं. आमच्या दृष्टीने जग त्या काठाला संपतं. मागच्या रांगेत त्या काठावरची चारपाच माणसं सकाळपासून बसून होती. त्यांना कुणी पुकारलं नव्हतं. त्यातली एक बाई उठून उभी राहिली आणि बोटांवर आपले वाफे मोजायला लागली.

‘‘यह अभी निकाला नहीं है,’’ मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली.

‘‘निकालिए,’’ अधिकारी म्हणाला आणि त्याने लिहून घेतलं. हॉल असा उसळला की बाकं सरकली. गुरुजींनी शंख आणला असता तर तोही वाजवला असता.

आणि त्याच गोंधळात बाहेरच्या अंगणातून हाक आली, ‘‘काकीजी! निकल आए!’’

मी तशी गर्दी पाहिली नाही. सुनवाई तिथेच राहिली. चौघांनी खुर्ची उचलली, बाकीच्यांनी वाट केली, अधिकारी रुमाल नाकाला लावून मागे, इंजिनियर मुलगी नकाशा काखेत मारून त्याच्या मागे. अंगणात धुक्याला एक भोक पडलं होतं आणि त्यातून पांढरा, चपटा, आजारी दिसणारा सूर्य बघत होता. बारा वाजायला दहा कमी होते. वहिनींनी हात जोडले. कुणीतरी चहाचा कुल्हड पुढे केला, कुणी बिस्किटं. त्यांनी कुल्हड धरला, पण हात इतका थरथरत होता की अर्धा चहा लुगड्यावर सांडला. पर्स उघडता येईना. ती मी उघडली, गोळी मी काढली, आणि बिस्किट चहात बुडवून मी भरवलं. आजूबाजूला शेदीडशे माणसं आनंदाने बोलत होती. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. अकरा मिनिटांसाठी मी सगळी काशी उठवली होती, आणि ही बाई रोजच्या धुक्यात तासांचे तास उपाशी बसत होती, माझ्या पायांखालच्या मजल्यावर.

घरी आल्यावर त्यांनी आधी माझा फोन मागितला. खिडकीच्या जाळीला टेकवला, दिशा बघितली. मग जाळीपासून दूर धरला. काटा गर्रकन फिरला.

‘‘भाऊजी, ही जाळी कसली आहे?’’

‘‘माकडांसाठी.’’

‘‘ते मला माहीत आहे. कशाची आहे?’’

लोखंडाची. काशीत नदीकाठी राहायचं तर घराला पिंजरा करून आत माणसांनी राहायचं, बाहेर माकडांनी; ही जाळी मी स्वतः उभा राहून, जाड गज निवडून बसवून घेतली होती. होकायंत्र लोखंडाला टेकवून मी तीनदा दिशा मोजली होती, आणि तिन्ही वेळा एकच उत्तर आलं म्हणून माझा ऊर भरून आला होता.

‘‘मला विचारायचं,’’ वहिनी म्हणाल्या.

‘‘तुम्हीही सांगायचं.’’

‘‘तुम्हाला नाही कळायचं, म्हणालात.’’

मी जेवलो. वाढणं नेहमीसारखंच होतं, त्यामुळे जास्त लाजल्यासारखं झालं. हात धुतल्यावर मी म्हणालो, ‘‘वहिनी, नेम सोडा असं मी म्हणत नाही. तो मला द्या.’’

‘‘तुम्हाला?’’

‘‘आजारी माणसाचं व्रत घरातल्या कुणी केलं तर चालतं. आबा सांगायचे. तुम्ही गोळी वेळेवर घ्या, खा. सूर्य दिसेपर्यंत उपाशी मी राहीन.’’

‘‘चालतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण घेणाऱ्याने मोडलं तर पाप देणाऱ्याला लागतं, हेही आबा सांगायचे. आणि तुम्ही सात वाजता चहा पिता, आठ वाजता पुन्हा पिता.’’

‘‘नाही मोडणार.’’

‘‘तुमचा भरवसा काय?’’

त्या आठवड्यात माझ्या शब्दाची किंमत काशीत सर्वांना ठाऊक झाली होती. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या माझ्या भावाच्या फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे, जणू दोघांतला कोण जास्त वाया गेलेला ते ठरवत होत्या. मग चमचाभर पाणी माझ्या हातावर सोडलं. ‘‘बघू, मला पाप लावता का ते,’’ म्हणाल्या.

त्याला तेवीस दिवस झाले. सावलीचा नकाशा अजून आलेला नाही, चहाच्या दुकानात अजून हेलिकॉप्टर उतरतंच आहे, आणि मी चहाशिवाय त्या दुकानावरून नुसता जातो. वहिनी आठ वाजता पोहे खातात, गोळी घेतात, आणि साडेआठला माझ्यावर नजर ठेवायला येऊन बसतात. हे लिहितोय ते त्यांच्याच खिडकीत, मांडीवर पाट घेऊन, बाहेर कापसासारखं धुकं. खाली नाव बांधून तो मल्लाह विडी ओढतोय. मघाशी वर बघून म्हणाला, ‘‘पंडितजी, गाड़ी कितना लेट?’’ मी म्हटलं, सूचना नाही. सव्वाअकरा झालेत, वहिनी नुकत्याच उठून आत गेल्यात. स्वयंपाकघरातून चहाचा वास येतोय, आणि आज त्यात आलं जरा जास्तच ठेचलंय. मुद्दाम.